प्रतिसंस्कृतीच्या उत्सवांतील पोशाखांवर सचित्र पुस्तक: मांडणीच्या आधी काय ठरवावे

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे ते स्पष्ट राहील. आपल्याकडे १६० पानांच्या सचित्र पुस्तकाचे काम आले आहे. १९६७ पासून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये प्रतिसंस्कृतीचे जे संगीत-उत्सव भरले, त्यांत लोकांनी घातलेले कपडे हा त्याचा विषय आहे. हाताशी जुनी छायाचित्रे, नियतकालिकांची कात्रणे आणि एका रेखाचित्रकाराचा वेळ आहे. पाने त्या काळच्या पोस्टरांसारखी रंगांनी भरलेली आणि वळणदार अक्षरांची करावीत की साधी ठेवावीत, तसेच प्रकरणे वर्षांनुसार लावावीत की कपड्यांच्या प्रकारांनुसार, असे आपण विचारले आहे.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरे एका तिसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहेत: पुस्तकातील प्रत्येक चित्राने वाचकाला काय सांगायचे आहे? अशा विषयावर चित्र दोन कारणांनी छापले जाते. पहिले कारण वातावरण उभे करणे. दुसरे कारण पुरावा देणे, म्हणजे हा कपडा कशाचा होता, कोठून आला, कोणी उसवला, कोणी शिवला आणि पावसात व चिखलात तो अंगावर कसा राहिला हे दाखवणे. पोशाखांवरचे पुस्तक दुसऱ्या कारणासाठी करावे, असे माझे ठाम मत आहे. या उत्सवांतील कपड्यांचे वेगळेपण त्यांच्या रंगांपेक्षा त्यांच्या घडण्यात होते. ते बहुतेक वेळा मिळवलेले, बदललेले किंवा हाताने केलेले होते. हे एकदा मान्य केले की पानाने आपला आवाज किती चढवावा, हा प्रश्न बराचसा सुटतो, कारण ज्या पानावर शिवण दिसली पाहिजे त्या पानावर सजावटीला फारशी जागा उरत नाही.

सर्वांत मोठा धोका चित्रांच्या निवडीत आहे, म्हणून तेथे थोडे थांबते. वुडस्टॉकचा उत्सव १५ ते १८ ऑगस्ट १९६९ या काळात न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे मॅक्स यास्गर यांच्या शेतजमिनीवर झाला आणि तेथे सुमारे ४ लाख लोक जमले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या गर्दीचे एखादे रुंद छायाचित्र भिंगाखाली धरून पाहावे. साधे टी-शर्ट, जीन्स, मांडीवर कापलेल्या जीन्स, चौकटीचे शर्ट, उघडी अंगे, आणि पाऊस आल्यावर खांद्यांवर ओढलेली ब्लँकेटे व प्लॅस्टिकचे तुकडे हेच त्यात प्रामुख्याने दिसते. मणी, झालरी आणि टाय-डाय (कापड गाठी बांधून रंगवण्याची रीत) यांचे प्रमाण आपल्या मनातील चित्रापेक्षा बरेच कमी आहे. छायाचित्रकारांचे लक्ष साहजिकच वेगळ्या दिसणाऱ्या माणसांकडे गेले, संपादकांनी त्यांतूनही अधिक वेगळे निवडले, आणि पुढच्या प्रत्येक पुस्तकाने त्याच निवडीतून पुन्हा निवड केली. आपणही तेच केले तर चार लाख माणसे वेशभूषा करून आली होती, असा समज आपण पक्का करू. यासाठी मी अशा कामात प्रत्येक प्रकरणात किमान एक रुंद गर्दीचे छायाचित्र आग्रहाने ठेवते आणि चित्रओळीत स्पष्ट लिहिते की यातील बहुसंख्य लोक रोजच्याच कपड्यांत आहेत. त्या पार्श्वभूमीवर मग झालरीचे जाकीट दिसले की घालणाऱ्याने ते विचारपूर्वक निवडले होते, हे वाचकाला कोणी सांगावे लागत नाही.

मंचावरील कलावंत आणि मैदानातील माणसे यांनाही वेगळे ठेवावे. जो कॉकर आणि जॉन सेबॅस्टियन यांचे टाय-डाय किंवा जिमी हेंड्रिक्स यांचा झालरीचा पांढरा पोशाख यांची नोंद उत्तम आहे, चित्रेही सहज मिळतात, आणि म्हणूनच ती पाने खाऊन टाकतात. कलावंतांना एक आटोपशीर प्रकरण द्यावे; बाकी पुस्तक मैदानाचे असावे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. पुस्तक कोठे संपते, हे लेखकाने आणि आपण मिळून ठरवायचे आहे आणि त्याचे एकच बरोबर उत्तर नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये १४ जानेवारी १९६७ रोजी झालेला ‘ह्यूमन बी-इन’ मेळावा आणि त्याच वर्षीच्या जूनमधील कॅलिफोर्नियातला मॉन्टेरी संगीत-महोत्सव ही आरंभाची सोयीची ठिकाणे आहेत. ब्रिटनमध्ये मायकेल ईव्हिस यांनी १९७० मध्ये पिल्टन येथील आपल्या शेतावर पहिला महोत्सव भरवला, तेव्हा तिकीट १ पौंडाचे होते आणि त्यात शेतावरचे दूध फुकट होते. त्याचाच पुढे ग्लास्टनबरी झाला. स्टोनहेंजचा विनामूल्य उत्सव १९७४ ते १९८४ चालला आणि १ जून १९८५ रोजी तिकडे निघालेल्या भटक्या ताफ्यावर पोलिसांनी केलेल्या कारवाईने तो अध्याय संपला. त्यानंतर रेव्ह, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीतावरचे रात्रभराचे नृत्यमेळावे, आले, १९९२ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील कॅसलमॉर्टन येथे असा मोठा मेळावा झाला, आणि १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्यात अशा संगीत-मेळाव्यांविरुद्ध तरतुदी आल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर १९८६ मध्ये सुरू झालेला बर्निंग मॅन हा उत्सव १९९० मध्ये नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटात गेला.

हे सर्व एकाच पुस्तकात बसेल, पण एकाच दृश्य-साच्यात बसणार नाही, कारण कपड्यांमागचे जगणे वेगवेगळे आहे. मॉन्टेरीला तीन दिवसांसाठी आलेली विद्यार्थिनी आणि स्टोनहेंजच्या ताफ्यात वर्षभर जुन्या बसमध्ये राहणारा माणूस या दोघांच्या अंगावर लष्कराच्या शिलकी मालातला कोट असू शकतो. एकीसाठी तो युद्धविरोधी विधान आहे आणि दुसऱ्यासाठी थंडीवरचा स्वस्त उपाय. ब्लॅक रॉकमधील गॉगल आणि तोंडावरचे फडके प्रथम तेथील क्षारयुक्त धुळीसाठी आले, शैली नंतर झाली. माझ्या मते पुस्तकाची शेवटची रेघ तेथे ओढावी जेथे उत्सवासाठीचा पोशाख दुकानात तयार मिळू लागला. त्याचे एक चांगले चित्र म्हणजे २००५ मध्ये ग्लास्टनबरीला मॉडेल केट मॉस यांनी घातलेले हंटर कंपनीचे रबरी बूट. शेतावरची गरजेची वस्तू त्या छायाचित्रांनंतर फॅशनच्या पानांवर गेली. ते चित्र शेवटच्या पानांत आले तर आधीच्या सर्व पानांना अर्थ येतो. लेखकाला यापुढे जायचे असेल तर जावे, पण मग पुस्तकाच्या नावातील ‘प्रतिसंस्कृती’ हा शब्द त्या पानांवर टिकतो का, हे त्यांना विचारावे.

प्रकरणांची रचना वर्षांनुसार केली तर पुस्तक उत्सवांचा इतिहास होते आणि कपडे त्याच्या शोभेला उरतात. कपड्यांच्या प्रकारांनुसार केली तर यादी होते: टोप्या, जाकिटे, घागरे, पादत्राणे. मी तिसरा मार्ग सुचवेन: कपडा अंगावर कसा आला, त्यानुसार प्रकरणे करावीत. सापडलेले, म्हणजे जुन्या बाजारातून, पेटीतून किंवा लष्करी शिलकीतून आलेले, बदललेले, घरी केलेले, प्रवासातून आणलेले, दुसऱ्या समाजाकडून उचललेले, आणि शेवटी रंगवलेले किंवा उघडे शरीर. लंडनमधील ‘आय वॉज लॉर्ड किचनर्स व्हॅलेट’ या दुकानात मिळणारी जुनी लष्करी जाकिटे पहिल्या प्रकरणात जातात. किंग्ज रोडवर १९६६ मध्ये उघडलेल्या ‘ग्रॅनी टेक्स अ ट्रिप’मध्ये एकोणिसाव्या शतकातील इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्या नक्षीच्या पडद्यांच्या व बैठकीच्या कापडातून पुरुषांची जाकिटे शिवली जात, ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणांच्या सीमेवर येतात आणि ही सीमा दाखवण्यासाठीच उपयोगी पडतात. कालक्रम हवाच असतो; त्यासाठी पानाच्या वरच्या समासात वर्ष आणि ठिकाण सांगणारी एक बारीक ओळ सर्वत्र एकाच जागी ठेवावी, म्हणजे ज्याला काळाने वाचायचे आहे त्यालाही पाने चाळता येतील.

‘बदललेले’ या प्रकरणातील एक उदाहरण जवळून पाहू, कारण रेखाचित्रकाराचा वेळ कोठे खर्च करावा हे त्यातून कळते. खाली घेर वाढवलेली जीन्स त्या काळच्या असंख्य छायाचित्रांत आहे. छायाचित्रात दिसतो तो फक्त गुडघ्याखालचा फुललेला भाग आणि त्यातील वेगळ्या कापडाचा त्रिकोण. तो कसा आला हे रेखाचित्रच सांगू शकते. नेहमीच्या जीन्सची आतली शिवण सहसा दुमडून दुहेरी टाक्याने घट्ट घातलेली असते, तर बाहेरच्या बाजूची शिवण साधी असते आणि तिचे कापड आत दोन्हीकडे उघडे पडलेले असते. त्यामुळे घरी कात्री घेऊन बसलेला माणूस बाहेरची शिवण गुडघ्यापर्यंत उसवतो, तेथे पडद्याचा, सतरंजीचा किंवा जुन्या फुलाफुलांच्या कपड्याचा त्रिकोण बसवतो, टोकाशी कापड फाटू नये म्हणून दोनचार आडवे टाके घालतो, आणि खालची पट्टी बहुतेक वेळा दुमडतच नाही. हे चार टप्पे चार लहान रेखाचित्रांत, एकाच जाडीच्या रेघेने, सावलीशिवाय काढावेत आणि शेजारी तशीच जीन्स घातलेल्या माणसाचे छायाचित्र पूर्ण उंचीने छापावे. वाचक छायाचित्राकडे परत वळतो तेव्हा त्याला टाके दिसू लागतात. रेखाचित्राचा या पुस्तकातला उपयोग एवढाच आणि इतका मोठा आहे.

यावरून कामाची वाटणी ठरते. कापड, शिवण, अस्तर, गाठ, मण्यांची ओवण या गोष्टी रेखाचित्राने सांगाव्यात. अंगलट, चाल, चिखल, एका अंगावर पाच बेमेळ गोष्टी एकत्र कशा आल्या हे छायाचित्राने सांगावे. रेखाचित्रकाराने उपलब्ध छायाचित्र गिरवून त्याचेच चित्र करू नये. परवानगी मिळाली नाही म्हणून छायाचित्र गिरवणे हा सोपा मार्ग वाटतो, पण स्वामित्वहक्काच्या दृष्टीने ती त्या छायाचित्रावर बेतलेली कृती ठरू शकते. शिवाय गिरवलेल्या चित्रात नवी माहिती काहीच नसते. संग्रहालयातील किंवा खासगी संग्रहातील प्रत्यक्ष कपडा समोर ठेवून, तो उलटा करून, आतून काढलेले चित्र शंभर गिरवलेल्या चित्रांपेक्षा मोलाचे आहे. बेथेल येथे उत्सवाच्या जागेवरच २००८ पासून संग्रहालय आहे आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्या दशकातील पोशाख आहेत; अशा संस्थांकडे कपडा पाहू देण्याची विनंती लेखी करावी.

‘उचललेले’ या प्रकरणाला आपण घाबरू नये आणि ते गुळमुळीतही करू नये. अफगाणिस्तानच्या गझनी भागातील मेंढीच्या कातड्याचे कोट, म्हणजे पोस्तीन, लोकर आत आणि भरतकाम बाहेर अशा रीतीने घातले जात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते लंडनमध्ये आले आणि नंतर उत्सवांच्या गर्दीत सर्वत्र दिसू लागले. भारतातील ठशांच्या छपाईच्या चादरींचे झगे झाले, कुर्ते आणि आरसेकाम आले. या वस्तूंचे श्रेय त्यांच्या मूळ ठिकाणाला व कारागिरीला मिळाले पाहिजे. ‘पौर्वात्य शैलीचा झगा’ अशी चित्रओळ मी मान्य करत नाही. कोणत्या प्रदेशातील, कोणत्या तंत्राचा कपडा आहे, एवढे वस्त्र-अभ्यासकाला विचारून लिहिता येते. उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील मूळनिवासी राष्ट्रांच्या पिसांच्या शिरोभूषणाची गोष्ट याहून गंभीर आहे. ते शिरोभूषण तेथे मानाने मिळवायचे असते, कोणीही डोक्यावर घालायचे नसते, आणि म्हणूनच कॅनडातील बास कोस्ट महोत्सवाने २०१४ मध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली. अशा शिरोभूषणातील हौशी माणसाचे छायाचित्र पुस्तकात घ्यायचे असेल तर ते मुखपृष्ठावर किंवा प्रकरणाच्या पहिल्या पानावर कधीही मोठे छापू नये. मजकुराच्या सोबत, लहान आकारात, हा वाद स्पष्टपणे सांगणाऱ्या चित्रओळीसह छापावे. आकार हेही एक मत असते, आणि मांडणी करणाऱ्याने ते मत जाणीवपूर्वक द्यावे.

चित्रओळींबद्दल माझा आग्रह थोडा जास्त आहे. या पुस्तकाचा अर्धा जीव चित्रओळींत असतो, आणि प्रत्यक्षात त्या सर्वांत शेवटी, घाईत लिहिल्या जातात. प्रत्येक चित्रओळीने ठिकाण आणि तारीख, कपडा व कापड, तो कसा मिळाला किंवा केला गेला, आणि यांतील कोणती गोष्ट पाहून लिहिली व कोणती अंदाजाने, हे सांगावे. उदाहरणार्थ: ‘पुरुषाचा सुती शर्ट, बाह्या कापलेल्या, पाठीवर हाताने टाचलेले ठिगळ, बहुधा गालिच्याच्या काठाचे. शिवणारा अज्ञात.’ यातील ‘बहुधा’ आणि ‘अज्ञात’ हे शब्द वाचकाचा विश्वास वाढवतात. मराठीत अशी चित्रओळ लहान आकारात जुळवताना मात्रा, वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. ८ पॉइंटच्या देवनागरीला मी सहसा १२ पॉइंटांचे ओळ-अंतर देते. त्यामुळे चित्रओळींना अपेक्षेपेक्षा जास्त जागा लागते, आणि ती जागा मांडणीत पहिल्याच दिवशी राखून ठेवावी लागते.

पुस्तकाचा आकार त्याच हिशेबाने काढावा. ३५ मिलिमीटर फिल्मवरील छायाचित्राचे प्रमाण २:३ असते आणि आपली बहुतेक चित्रे त्याच प्रमाणात असणार. पान २२५ × २७० मिलिमीटर ठेवले तर उभे छायाचित्र पूर्ण उंचीने छापल्यावर १८० मिलिमीटर रुंदी घेते आणि बाजूला ४५ मिलिमीटरची पट्टी उरते. उभ्या माणसाचा पोशाख डोक्यापासून पायापर्यंत न कापता येतो आणि त्याच्या शेजारीच चित्रओळ बसते. आडवे गर्दीचे छायाचित्र समोरासमोरच्या दोन पानांवर पसरले तर ४५० मिलिमीटर रुंदीला ३०० मिलिमीटर उंची लागते, म्हणजे उंचीचा दहावा भाग कापावा लागतो. तो बहुधा आकाशातून जातो आणि चालतो. हा आकार आपल्या मुद्रकाच्या कागदाच्या तावातून फार वाया न जाता निघतो का, हे त्यालाच विचारावे. दहा-पंधरा मिलिमीटर इकडेतिकडे करावे लागले तरी हिशेबाची रीत तीच राहील. पसरट चित्रात पुस्तकाच्या घडीत माणूस जाणार नाही, दोन माणसांमधील मोकळी जागा जाईल, अशी चौकट घ्यावी, आणि पुस्तक शिवलेले असावे. केवळ डिंकाने चिकटवलेले पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि मधल्या माणसांचे अर्धे खांदे गिळते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते: पाने त्या काळच्या पोस्टरांसारखी असावीत का? त्या पोस्टरांवर माझे मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच त्यांची नक्कल चित्रओळींच्या शेजारी करू नये असे मला वाटते. पोस्टर-चित्रकार वेस विल्सन यांची वितळल्यासारखी अक्षरे व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलर यांच्या अक्षरलेखनातून प्रेरणा घेऊन घडलेली होती. दुसरे पोस्टर-चित्रकार व्हिक्टर मॉस्कोसो येल विद्यापीठात रंगांचे अभ्यासक जोसेफ अल्बर्स यांच्या हाताखाली शिकले होते आणि शेजारी ठेवलेले विरोधी रंग डोळ्यांसमोर थरथरतात हे ते पूर्ण जाणीवेने वापरत. वाचकाला थांबवणे, त्याला अक्षरे शोधायला लावणे हे त्या पोस्टरांचे उद्दिष्ट होते. आपल्या पुस्तकात वाचकाने शोधायचे ते टाके आहेत. पोस्टरे हवी असतील तर ती मूळ स्वरूपात, चौकटीत, मूळ रंगांत छापावीत आणि त्यांच्याभोवतीचे पान पांढरे ठेवावे.

त्या काळाला पानांतून दाद द्यायचीच असेल तर ती अक्षरांच्या वळणांऐवजी छपाईच्या रीतीतून द्यावी. ‘सॅन फ्रान्सिस्को ऑरॅकल’ या १९६६ ते १९६८ मधील नियतकालिकाने छपाईयंत्राच्या शाईच्या एकाच तबकात वेगवेगळ्या शाया शेजारी घालून पानभर इंद्रधनुष्यी उतार मिळवला. यंत्र फिरत जाई तशा शाया एकमेकींत मिसळत आणि दोन प्रती अगदी सारख्या निघत नसत. पुस्तकाच्या आतील आवरणाची पाने, म्हणजे पुठ्ठ्याला चिकटलेली पहिली व शेवटची पाने, दोन खास शायांनी याच पद्धतीने छापता येतील. यंत्र धुण्याचा त्रास असल्याने प्रत्येक मुद्रक तयार होणार नाही, पण ज्याने होकार दिला त्याच्या हातून प्रत्येक वाचकाला थोडी वेगळी प्रत मिळते. मजकुराच्या पानांवर मात्र एक शांत मजकुराचा टंक (फाँट), एक ठळक शीर्षकाचा टंक आणि पांढरा कागद पुरेसा आहे.

रंगांबाबत सावध करणे भाग आहे, कारण येथे सद्हेतूनेच खोटेपणा होतो. जुन्या छायाचित्रात तीन रंग एकमेकांवर बसलेले असतात: कपड्याचा, फिल्मचा आणि गेलेल्या वर्षांचा. अंधारात जपलेल्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मच्या पारदर्शिकांचे, म्हणजे स्लाइडांचे, रंग बरेच टिकतात; त्याच काळच्या इतर अनेक रंगीत फिल्म्स आणि छायाप्रती यांतील निळसर रंगद्रव्य आधी विरते आणि सारे चित्र तांबूस, जांभळट दिसू लागते. दुरुस्ती करताना चित्रातील एखादी पांढरी किंवा करडी वस्तू धरावी: कागदी पेला, पांढरा टी-शर्ट, मचाणाच्या लोखंडी नळ्या. कपड्याचा रंग ‘असा असावा’ या समजुतीने ओढू नये. टाय-डायच्या बाबतीत हा मोह सर्वांत जास्त असतो. घरी वापरले जाणारे ‘रिट’सारखे सर्व कापडांसाठीचे रंग सुती कपड्यावरून धुण्यागणिक फिके होत जातात, तर आयसीआय कंपनीने १९५६ मध्ये आणलेले प्रोसिऑनसारखे धाग्याशी रासायनिक बंध करणारे रंग झळझळीत राहतात. १९६९ च्या छायाचित्रातला मळकट, विटलेला टाय-डाय शर्ट आजच्या दुकानातील शर्टासारखा लखलखीत केला तर कपड्याची एक खरी गोष्ट पुसली जाते, म्हणजे तो घरच्या बादलीत रंगवला होता आणि अनेकदा धुतला होता ही गोष्ट.

रेव्हच्या पानांवर अडचण उलटी येते. अतिनील दिव्याखाली चमकणारे कपडे अतिनील प्रकाश शोषून तो दृश्य रंग म्हणून परत फेकतात. नेहमीच्या चार शायांत ती चमक मिळूच शकत नाही. तेथे पाचवी, फ्लुरोसंट शाई वापरणे हाच उपाय आहे, आणि तिचा खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी अशी सर्व चित्रे एकाच फर्म्यात, म्हणजे एका तावावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गटात, आणावीत. १६० पानांचे पुस्तक १६ पानांच्या १० फर्म्यांत जाते. फर्म्याच्या एका बाजूला ८ पाने येतात, आणि पाचवी प्लेट फक्त त्या एका बाजूला लागते. कोणती ८ पाने एका बाजूला येतात याचा तक्ता मुद्रकाकडून आधी घ्यावा आणि मगच पानांचा क्रम कायम करावा. फ्लुरोसंट शाई उजेडात लवकर विटते, त्यामुळे ती मुखपृष्ठावर वापरू नये. कागदही फर्म्याच्या हद्दीवरच बदलता येतो: छायाचित्रांना मॅट आर्ट पेपर, आणि रेखाचित्रे व कात्रणे ज्या फर्म्यांत जास्त आहेत तेथे बिनलेपाचा कागद. बिनलेपाच्या कागदावर शाई पसरते आणि गडद भाग बुजतात, म्हणून त्या पानांच्या फायली वेगळ्या तयार कराव्या लागतील.

स्कॅनिंगचे थोडक्यात सांगते. ३५ मिलिमीटरची पारदर्शिका ४००० पीपीआयने (दर इंचाला इतके पिक्सेल) स्कॅन केली तर ३०० पीपीआयला साधारण ३२ × ४८ सेंटिमीटरचे चित्र मिळते, जे आपल्या पानाला भरपूर आहे; पण गर्दीतून एकच माणूस कापून पूर्ण पानभर मोठा करायचा असेल तर फिल्मचे दाणे कापडाच्या पोताआड येतील, आणि तेव्हा चित्र लहानच छापावे. छापील कात्रणांत आधीच ठिपक्यांची जाळी असते. तिच्यावर आपली जाळी आली की मोआरेच्या लाटा, म्हणजे नको असलेल्या लहरी पट्ट्या, उठतात. त्यासाठी स्कॅन करताना जाळी काढून टाकण्याची सोय वापरावी आणि कात्रण शक्यतो मूळ आकारातच, कागदाच्या कडांसह, कात्रण म्हणूनच छापावे.

आतापर्यंतच्या सर्व निर्णयांवर परवानग्यांचे सावट असते. छायाचित्राचे हक्क सहसा छायाचित्रकाराकडे, त्याच्या वारसांकडे किंवा एखाद्या चित्रसंग्रह संस्थेकडे असतात. चित्रातील अनोळखी माणसाचा खासगीपणाचा हक्क हा वेगळा विषय आहे आणि त्याचा कायदा पुस्तक जेथे प्रकाशित होईल त्या देशावर अवलंबून असतो, म्हणून प्रकाशकाच्या वकिलांचे मत लेखी घ्यावे. कायद्याने चालत असले तरी दोन गोष्टी मी करत नाही. ओळखू येणाऱ्या उघड्या मुलांची छायाचित्रे मी घेत नाही. या उत्सवांच्या संग्रहांत ती आढळतात आणि ‘निरागस काळ’ म्हणून सुचवलीही जातात, पण ते मूल आज कोठेतरी प्रौढ माणूस आहे आणि त्याला कोणी विचारलेले नाही. तसेच नशेत भान हरपलेल्या माणसाचे छायाचित्र त्याच्या कपड्यासाठी मी वापरत नाही; तोच कपडा दाखवणारे दुसरे चित्र शोधण्याला वेळ देणे मला रास्त वाटते.

यावरून कामाचा क्रम असा लावावा. लेखकाबरोबर बसून प्रकरणे आणि शेवटची सीमा ठरताच हव्या असलेल्या छायाचित्रांची यादी करून परवानग्यांची पत्रे पाठवावीत, कारण उत्तरे यायला महिने लागतात आणि काही नकारही येतात. त्या काळात रेखाचित्रकाराला प्रत्यक्ष कपड्यांसमोर बसवावे आणि चित्रओळींचा पहिला मसुदा लेखकाकडून मागून घ्यावा. उत्तरे हाती आली की सर्व चित्रे छापील आकारात काढून कागदाची डमी भिंतीवर लावावी, नकार आलेल्या चित्रांच्या जागा रिकाम्या ठेवून. कोणत्या रिकाम्या जागेत रेखाचित्र बसेल आणि कोठे दुसरे छायाचित्रच शोधावे लागेल, हे संगणकाच्या पडद्यापेक्षा त्या भिंतीसमोर उभे राहून लेखकाशी बोलताना लवकर ठरते. छपाईला जाण्यापूर्वी एक टाय-डायचे, एक डेनिमचे, एक काळोख्या रात्रीचे आणि एक रेव्हचे, अशा पानांचे नमुने ठरलेल्या कागदावर, ठरलेल्या यंत्रावर, खऱ्या शाईने काढून मागावेत. त्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरला असेल तर प्रकाशक त्याला सहसा नाही म्हणत नाहीत.